क्वार्टरमधलं माहेर

इंदूमावशी गेल्याचं सांगायला तिचा मोठा मुलगा रमेश स्वतः आला. सटाण्याहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघून तो नाशिकला उतरला आणि स्टँडवरून चालतच गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी पोचला. मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. दार उघडलं तर तो समोर उभा, डोळे तांबारलेले. "ताई, आई गेली," एवढंच म्हणाला. काल सकाळी कांदा निवडायला बसली होती, तिथंच कलंडली, गाडी बोलावेपर्यंत सगळं आटोपलं होतं... मी त्याला आत ये म्हटलं, तर तो अडखळला. सुतकात दुसऱ्याच्या घरात कसं जायचं, असा प्रश्न त्याला पडला असावा. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तुम्ही पण सुतकातच की," आणि चपला काढून आत येऊन बसला.

तसं पाहिलं तर इंदूमावशी माझी कोणीच लागत नव्हती. ती बागलाणातल्या शेतकरी मराठा घरातली, मी इगतपुरीच्या बौद्ध कुटुंबातली. तिची माझी ओळख झाली तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं उलटली होती. तरीही गेल्या पंधरा वर्षांत मला कोणी "माहेरी कधी जाणार?" असं विचारलं, की माझ्या डोळ्यांपुढे तीच यायची. हे कसं झालं ते सांगायचं तर आधी ते क्वार्टर सांगायला हवं.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, इगतपुरीला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. इगतपुरी म्हणजे डोंगरांच्या मधोमध वाटीच्या तळाशी वसलेलं गाव. रेल्वे नसती तर तिथे भाताची खाचरं आणि चार पाडे यांपलीकडे काही झालं असतं की नाही, शंकाच आहे. मुंबईची गाडी कसारा घाट चढून वर आली, की इथे तिचं इंजिन बदलायचं. त्या एका कामासाठी साहेबाने इथे शेड बांधलं, कामगारांसाठी दगडी भिंतींची आणि उतरत्या कौलांची क्वार्टरं बांधली, स्वतःसाठी टेकडीवर बंगले आणि चर्च बांधलं. माझ्या लहानपणी कोळशाची इंजिनं होती. आईने वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे ठिपके पडायचे आणि ती शेडच्या दिशेने बघून पुटपुटायची. पुढे तारा आल्या, कोळसा गेला, पण इंजिन बदलायचं काम राहिलंच. दादांना नवं काम शिकावं लागलं, ते शिकले. आमच्या क्वार्टरला दोन खोल्या, मागे मोरी आणि थोडं अंगण. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर. मी मॅट्रिक झाले त्याच्या पुढच्या वर्षी आई गेली, तीही त्याच घरात. नंतर माझं लग्न झालं आणि मी नाशिकला आले. माझे पती शाळेत शिक्षक, मी एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट.

दादा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागणार, हे आम्हाला ठाऊकच होतं. ते नोकरीचं असतं, माणसाचं नसतं. दादा माझ्या भावाकडे कल्याणला गेले. त्याची एक खोली, त्यात नवराबायको, दोन मुलं आणि आता दादा. वहिनी मनाची चांगली होती, पण मी तिथे गेले तर झोपायचं कुठे, असा साधा प्रश्न होता. त्यात कोणाचा दोष नव्हता. पण शेजारपाजारच्या मैत्रिणी दिवाळीनंतर पिशव्या भरून माहेरी निघाल्या, की मी उगाच कपाट आवरायला घ्यायचे.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मला पाचवा महिना होता. कल्याणला दादांना भेटून मी एकटीच पॅसेंजरने परत येत होते. गाडी इगतपुरीला थांबली. इंजिन बदलेपर्यंत वेळ असतो, म्हणून पाय मोकळे करायला खाली उतरले. प्लॅटफॉर्मवरून क्वार्टरांची ओळ दिसत होती. धुकं होतं, त्यात कौलं तेवढी ओली चमकत होती. पुलाच्या पायऱ्या चढताना गाडी सुटायची घंटा ऐकू आली, पण मी मागे वळले नाही. पुढच्या गाडीने जाऊ म्हटलं... खरं तर मी काहीच ठरवलं नव्हतं. पाय त्या रस्त्याचे होते, ते गेले.

आमच्या दारापुढे एक नऊवारी नेसलेली, उंच, सडसडीत बाई दाराला खांदा लावून ते लोटत होती. दार बंद होत नव्हतं. पावसाळ्यात ते फुगायचं, हे मला माहीत होतं. मी फाटकाशी उभी आहे हे तिच्या लक्षात आलं.

"कोन शे?" ती दारातूनच ओरडली.

"काही नाही हो. आम्ही पूर्वी इथे राहायचो. जाता जाता थांबले."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पोटावर नजर स्थिरावली. "मग बाहेर काबरं उभी शेस? आठे ये. हाई दार कसं लागस ते सांग आधी."

मी मेणबत्ती मागितली. दाराची खालची कड मेणाने चोळली, कडी धरून दार किंचित उचललं आणि ओढलं. आई हे असंच करायची. दार लागलं. ती बाई इतकी मोठ्याने हसली की शेजारची बाई खिडकीत आली. ती माझी आणि इंदूमावशीची पहिली भेट.

तिची अहिराणी मला तिच्यासारखी कधीच जमली नाही, म्हणून इथून पुढे तिचं बोलणं मी माझ्या मराठीतच लिहिते. तिचा नवरा शेडमध्येच फिटर म्हणून बदलून आला होता. दोन मुलगे शाळेत. सटाण्याकडच्या उघड्या, कोरड्या रानात वाढलेल्या त्या बाईला इगतपुरी मुळीच रुचलेली नव्हती. ऊन नाही, कपडे वाळत नाहीत, भाकरीला बाजरी चांगली मिळत नाही आणि तोंड उघडलं की ओळीतल्या बायका तिच्या बोलण्याला हसतात. महिना झाला होता आणि ती कोणाशी बोलली नव्हती. मला तिने पाटावर बसवलं आणि घराची चौकशी सुरू केली. कौल कुठे गळतं? मोरीचं पाणी का तुंबतं? सरपण कुठे ठेवायचं? मी सांगत गेले, ती ऐकत गेली. बुद्धाची तसबीर होती त्या खिळ्यावर आता सप्तशृंगीचा फोटो होता. माझं लक्ष तिकडे गेलेलं तिने पाहिलं आणि विचारलं, "तिथं तुमचा कोणता देव होता?" मी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणून तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली.

निघताना तिने बाळंतपण कुठे, असं विचारलं. नाशिकला, दवाखान्यात, मी म्हटलं.

"आणि नंतर? कोण करणार तुझं?"

मी पिशवी उचलली. ती म्हणाली, "इथं ये. घर तुझ्या पायाखालचं आहे. मला मुलगी नाही, मला बाळंतिणीचं करायला मिळेल."

घरी येऊन हे सांगितलं तर माझे पती म्हणाले, "अनोळखी माणसांकडे? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मलाही ते बोलणं वाऱ्यावरचं वाटलं होतं. पण मुलगी झाल्यावर बाराव्या दिवशी इंदूमावशी नाशिकला आमच्या दारात हजर! त्या दिवशी तिचा नवरा मला स्टेशनवर सोडायला आला, तेव्हा मी पत्ता सहज बोलून गेले होते, तो त्याने लक्षात ठेवला होता. तिने माझ्या पतींना सांगितलं, "मास्तर, रविवारी येऊन बघून जात जा." त्यांनी मान डोलावली. तिच्यापुढे फारसं कोणी बोलत नसे.

मी तिच्याकडे इगतपुरीत राहिले त्या सव्वा महिन्यात एक गोष्ट घडली, ती लिहायलाच हवी. मावशीची सासू गावाहून आली. आमची जात तिला कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना माझ्यासाठी वेगळी, जर्मनची म्हणजे अॅल्युमिनियमची ताटली आली. म्हातारीने ती शेजारून मागून आणली होती. मावशीने ती पाहिली, माझ्यापुढून उचलली, आपली पितळी माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः जर्मनच्या ताटलीत वाढून घेतलं. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, ती ताटली स्वतःपुढे ओढली. म्हातारी रुसून शेजारी जेवायला गेली.

"अहो बाई, माझ्यामुळे कशाला..." मी म्हटलं.

"तुझ्यामुळे कुठं? घर माझं, भांडी माझी," ती म्हणाली. "जेव."

म्हातारीचं मत काही बदललं नाही, निदान तिने तसं कधी म्हटलं नाही. पण चार दिवसांनी माझ्या मुलीला तेल लावून न्हाऊ घालण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. शेजारणीने परत न मागितलेली ती ताटली पुढे कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

त्यानंतर दर वर्षी मी इगतपुरीला जात राहिले. आधी एकटी, मग मुलीला आणि पुढे मुलालाही घेऊन. "अहो बाई"ची "मावशी" झाली, "तुम्ही"चं "तू" झालं. गंमत म्हणजे मी जन्मले त्या गावात, पण गाव मला दाखवलं तिने. आम्हा रेल्वेच्या मुलांना शेड म्हणजे रोजचंच, त्यात बघण्यासारखं काय आहे हे कधी कळलं नव्हतं. मावशी मात्र दुपारची कामं आटोपली की पोरांना घेऊन निघायची. जुन्या वाफेच्या इंजिनांना पाणी पाजायचा लोखंडी खांब बघा, हत्तीच्या सोंडेसारखा. ते कोळशाच्या इंजिनांचं रिकामं शेड बघा, एवढ्या मोठ्या दगडी कमानी कोणी रचल्या असतील. तलावाच्या बांधावर बसून ती मुलांना सांगायची, हे पाणी साहेबाने माणसांसाठी नाही, इंजिनांसाठी अडवलं. आधी न रुचलेलं ते गाव तिच्या अंगवळणी पडलं होतं. ओळीतल्या बायका आता तिच्याकडे पापड लाटायला जमायच्या आणि त्यांच्या बोलण्यात अहिराणी शब्द यायला लागले होते.

एकदा दादा आमच्याकडे नाशिकला आले होते, तेव्हा मी त्यांना इगतपुरीला घेऊन गेले. कल्याणला त्यांचं मन रमत नव्हतं, बोलणं फार कमी झालं होतं. क्वार्टरच्या फाटकाशी आल्यावर ते थांबले. "नको नंदा. आता त्यांचं घर आहे. आत कशाला," म्हणाले. मी काही समजावणार, इतक्यात मावशी बाहेर आली. तिने आग्रह केला नाही. "आत नका येऊ," ती म्हणाली, "पण मागची खिडकी उघडत नाही बघा. पोरांचे बाप रोज उद्या करू म्हणतात. तेवढी बघून जा."

दादांनी बाहेरूनच वळसा घालून खिडकी पाहिली. मग चपला काढल्या. काका शेडमधून आले तेव्हा दादा बिजागरी काढून बसले होते. काकांनी पाना आणून दिला आणि दोघे फिटर त्या खिडकीशी दुपारभर बसले. कोणत्या इंजिनाचं काय बिघडायचं, कोणत्या साहेबाला काय कळत नव्हतं... दादांना इतकं बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मावशी आणि मी स्वयंपाकघरात होतो. ती एकदाही बाहेर डोकावली नाही.

परतीच्या गाडीत घोटी येईपर्यंत दादा मागे पडणारे डोंगर बघत होते. मग म्हणाले, "तुझी आई जिथं मीठ ठेवायची, तिथंच ती ठेवते. तू सांगितलंस का?"

"नाही दादा. कोरडी जागा तेवढीच आहे त्या घरात."

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "घर चांगलं ठेवलंय." त्या हिवाळ्यात दादा गेले. त्या दिवशी मी त्यांना नेलं, याचं मला बरं वाटतं.

मग काकांच्या निवृत्तीची वेळ आली. मी आवराआवर करायला गेले. तेच घर, पुन्हा रिकामं होताना बघायचं. मला वाटलं होतं की या खेपेला मावशी रडेल आणि मी धीर देईन. झालं उलटंच. मी मोरीत उभी राहून रडत होते आणि ती बाहेर बोचकी मोजत होती. "रडून घे, पण भांडी पुसता पुसता रड," ती म्हणाली. ट्रक भरला तरी ती निघेना. नवीन माणसं त्याच दुपारी येणार होती, त्यांना भेटूनच जायचं असा तिचा हट्ट. ती माणसं आली, त्यात झाशीकडची एक तरुण मुलगी, कडेवर मूल. मावशीने तिला घरभर फिरवलं. गळणारं कौल, तुंबणारी मोरी, फुगणारं दार, सगळं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं. शेवटी मला हाताला धरून पुढे केलं. "ये मेरी लडकी है. ये घर इसका मायका है. आएगी तो अंदर बुलाना, पानी देना." ती मुलगी गोंधळून "जी" म्हणाली. मी नंतर तिथे गेले नाही, कारण ज्या माणसासाठी जायचं ते आता तिथे नव्हतं.

मावशी गावी गेली तेव्हा मला वाटलं, संपलं हे. पण दीड-दोन वर्षांनी तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशनसाठी ती नाशिकला आली. रमेश म्हणाला, आमच्या भाऊबंदांचं घर आहे नाशिकमध्ये, तिकडे राहील. मावशी म्हणाली, "मी नंदाकडे राहणार." आणि पिशवी घेऊन आली. पट्टी बांधलेल्या डोळ्याने ती आमच्या घरात वावरायची, मुलीला वेणीफणीसाठी हाक मारायची, माझ्या पतींना "मास्तर, जरा मोठ्याने वाचा" म्हणून पेपर वाचायला लावायची. काम सांगितलं नाही तर तिला करमत नसे. मी शेंगा फोडायला द्यायचे. एका संध्याकाळी ती म्हणाली, तिचं स्वतःचं माहेर कधीच बुडालं. आई लहानपणी गेली, बापाने दुसरं केलं, लग्नानंतर तिला न्यायला कोणी आलंच नाही. हे तिने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं होतं आणि तेही शेंगा फोडता फोडता, हवापाण्याचं बोलावं तसं.

पट्टी सुटली आणि रमेश न्यायला आला, तेव्हा स्टँडवर ती ढसाढसा रडली. मी घाबरले. "मावशी, डोळ्याला त्रास होईल! काय झालं?"

"काही नाही गं," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "माहेराहून निघताना रडतात ना. मला कधी रडायला मिळालं नव्हतं."

तिच्या दशक्रियेला आम्ही सगळे गेलो. सटाण्यापुढे तिचं गाव, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं. नदीवरून आल्यावर पंगती बसल्या. त्या घरात लेकींची पंगत आधी बसते, म्हणून रमेश मला बोलवायला आला. मी नको म्हणत होते, त्याने हाताला धरून नेलं. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "या कोण?"

"बहीण. इगतपुरीची," रमेश म्हणाला.

"आडनाव?"

रमेशने माझं माहेरचं आडनाव सांगितलं, जराही आवाज न उतरवता. माझ्या शेजारची बाई आपली पत्रावळ उचलून पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. रमेशची बायको वाढत होती, तिने हातातलं पातेलं जावेकडे दिलं आणि त्या रिकाम्या जागेवर माझ्याशेजारी येऊन बसली. म्हातारा बघत राहिला, मग म्हणाला, "वाढा, वाढा. लेकी उपाशी बसल्यात."

त्या दिवशी परतीची एसटी मिळाली नाही, म्हणून राहिलो. सकाळी जाग आली तर रमेशची बायको चुलीशी होती. मला म्हणाली, "उठा ताई, भोंग्याचा चहा झालाय." मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं. इगतपुरीला सकाळी शेडचा भोंगा वाजायचा आणि काकांना त्याच्या आत घराबाहेर पडायला लागायचं, म्हणून मावशीचा चहा भोंग्याच्या आधी तयार असायचा. गावी आल्यावरही तिला त्याच वेळी जाग यायची. चूल पेटवायची, चहा टाकायचा आणि घरभर हाक द्यायची, "उठा, भोंगा झाला!" त्या गावात ना रेल्वे, ना शेड. चहूकडे फक्त कांदा आणि विहिरींवरचे पंप. पण घरात सकाळच्या चहाचं नावच पडलं, भोंग्याचा चहा. इगतपुरी डोळ्यांनी न पाहिलेली मुलंही तेच म्हणतात. "आता सासूबाई नाहीत, पण दुसरं काय म्हणायचं ते कोणालाच सुचत नाही," ती म्हणाली.

काका ओट्यावर बसले होते. चहा संपवून त्यांनी टोपी चढवली आणि कोणी हाक मारल्यासारखे लगबगीने शेताकडे निघाले. माझ्या पतींना अजून जाग आली नव्हती. रमेशची धाकटी मुलगी दोन्ही हातांनी कप सांभाळत माझ्या अंथरुणापाशी आली. "आत्या, घ्या," ती म्हणाली, "भोंगा झाला."